वारा आहे, लाईन नाही, मग वीज का नाही?

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून पवनचक्कीवर टेक्निशियन व्हायला निघालेल्या मुलांची उंचीची तयारी असते, थिअरीचा मात्र कंटाळा. पाना धरता आला की झालं, असा समज. तो घालवायला एकटा इंडक्शन जनरेटर पुरे. माझ्या मते विजेच्या यंत्रांत इतकं देखणं दुसरं नाही.

शेतातल्या पंपाची इंडक्शन मोटर घ्या. चार पोलची मोटर 50 हर्ट्झवर जोडली की स्टेटरचं, म्हणजे स्थिर भागाचं, चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेऱ्या मारतं. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, किंचित मागे, 1440 च्या आसपास राहतो. हीच स्लिप. रोटरही बरोबर 1500 ने फिरला, तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र स्थिरच. मग प्रवाह नाही आणि बलही नाही. आता वाऱ्याच्या जोरावर, गिअरबॉक्समधून, रोटर 1515 वर न्या. स्लिप ऋण होते आणि तीच मोटर ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, वीज देऊ लागते! पण क्षेत्र उभं करणारा प्रवाह ती ग्रिडमधूनच घेते. म्हणून लाईन गेली की कितीही वारा असो, चक्की थांबवावीच लागते.

पुढच्या, डीएफआयजी (डबली-फेड इंडक्शन जनरेटर) प्रकारच्या यंत्रांत रोटरलाही गुंडाळी असते. कार्बन ब्रश आणि स्लिपरिंगमधून (रोटरवरच्या कड्यांमधून) कन्व्हर्टर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, तिच्यात हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडतो. रोटर 1200 वर असेल तर त्या फेऱ्या 40 हर्ट्झच्या. वर 10 सोडले की 50. वारा वाढून 1800 झाले तर 60. आता 10 हर्ट्झच, पण फेजचा क्रम उलटा, म्हणजे पुन्हा 50. ठीक 1500 वर नुसता डीसी. शिवाय कन्व्हर्टरमधून एकूण शक्तीच्या साधारण तीस टक्केच जाते, त्यामुळे तो लहान आणि स्वस्त पडतो.

पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, ही अफवा सातारा-सांगलीकडे खूप फिरली. पंखा वारा घालतो, चक्की वाऱ्याची ऊर्जा काढून घेते. पात्याचं टोक साधारण दीडदोनशे मीटरवर. जोराचा पाऊस देणारे ढग काही किलोमीटर जाडीचे. दुष्काळाचं खापर चक्कीवर फोडलं की पाणलोटाचं काम मागे पडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

थिअरी जीवही वाचवते. कन्व्हर्टरच्या डीसी लिंकमधले, म्हणजे मधल्या डीसी टप्प्यातले, कपॅसिटर ब्रेकर पाडल्यावरही काही मिनिटं चार्ज धरून असतात, दाब हजार व्होल्टच्या घरात. कुलूप आणि टॅग लावायचा, पॅनेलवर लिहिलेला वेळ थांबायचं, मग मीटर आधी चालू दाबावर तपासून कपॅसिटरला लावायचा, आणि नंतर पुन्हा चालू दाबावर. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि रेंज डीसीची हवी. एसीवर ठेवलेला मीटर भरलेल्या कपॅसिटरवरसुद्धा शून्य दाखवू शकतो.