भूमिका वेगळी, मुखवटा वेगळा

जत्रेचं नाटक पहाटे चारच्या सुमारास संपलं, तेव्हा मी रंगपटात होते. आमच्या फोंड्याकडच्या गावात देवळाच्या जत्रेला गावचीच माणसं मराठी नाटक करतात, त्यातलंच हे. माझा चुलतभाऊ त्या रात्री औरंगजेब होता. एरवी तो सरकारी कार्यालयात कारकून. आरशासमोर बसून त्याने आधी दाढी सोडवली. स्पिरिट गममुळे हनुवटीची कातडी लालभडक झाली होती. मग कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून तो कपाळापासून रंग पुसत खाली आला. मध्ये क्षणभर अर्धा चेहरा बादशहाचा होता, अर्धा त्याचा. "ताई, चहा उरलाय का गो?" त्याने विचारलं. साडेनऊला त्याला कामावर हजर व्हायचं होतं.

त्याला पाहताना मला ‘तमाशा’तला आरसा आठवला. इम्तियाज अलीचा हा २०१५ सालचा सिनेमा. रणबीर कपूरचा वेद आणि दीपिका पदुकोणची तारा फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर भेटतात आणि ठरवतात, खरं नाव-गाव एकमेकांना सांगायचं नाही. तो डॉन होतो, ती मोना डार्लिंग. दोघं नाचतात, हुंदडतात, बिनधास्त थापा मारतात. काही वर्षांनी दिल्लीत ती त्याला शोधून काढते, तर समोर येतो खऱ्या नावाचा, खऱ्या नोकरीचा, घड्याळाच्या काट्यावर चालणारा एक सभ्य माणूस. तो लग्नाचं विचारतो आणि ती नकार देते. तिचा जीव ज्याच्यावर जडला होता, तो हा नव्हताच.

म्हणजे खोटं नाव घेतलं तेव्हा माणूस खरा होता, आणि खऱ्या नावाने वावरताना खोटा. हा सिनेमा मला इतका जवळचा वाटतो तो या एका उलटापालटीमुळे. त्यातला डॉन ही भूमिका आहे आणि दिल्लीतला वेद हा मुखवटा. दोन्हींत माणूस आपण नसलेलं काहीतरी होतो, म्हणून आपण ती सर्रास एकच समजतो.

आपली भाषा मात्र त्यांत गल्लत करत नाही. मुखवटा चढवतात, भूमिका वठवतात. शिवाय भूमिका घेतातही. ‘या प्रश्नावर माझी भूमिका अशी आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दात आपलं मत असतं, त्यामागे उभं राहायची तयारी असते. मुखवट्याला असा दुसरा अर्थच नाही. तो फाटतो, गळून पडतो नाहीतर कुणीतरी ओरबाडून काढतं.

भूमिका करणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं की ही भूमिका आहे. मंगेशीला १९०० साली जन्मलेले गायक-नट मास्टर दीनानाथ ‘भावबंधन’ नाटकात लतिका ही स्त्री व्हायचे, तेव्हा त्यांनी कुणाला फसवलं असं कोण म्हणेल? तिच्यासाठी लागणारा हळवेपणा त्यांना स्वतःतूनच काढावा लागला असणार. पेडण्याकडे दशावतारात रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरायचा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हणच पडली. त्या म्हणीतल्या कष्टाची मला जाणीव आहे. पण त्या माणसाला राजा कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो, हे पक्कं माहीत होतं. वेदला तेच माहीत नसतं. तो रोज सकाळी आरशासमोर तयार होतो, पण पुसून काढायचा रंग त्याला दिसत नाही. ताराच्या नकारानंतर तोच चेहरा आरशात वेडावाकडा व्हायला लागतो आणि मला दर वेळी पोटात कालवतं.

आम्हा गोंयकारांना याची आणखी एक बाजू दिसते. बाहेरून येणारा माणूस इथे चार दिवस मोकळा होतो. रंगीत शर्ट, भाड्याची स्कूटर, मोठ्याने हसणं. त्याचं हे मोकळेपण मला खोटं वाटत नाही. गोवा ही त्याची कोर्सिका आहे. पण कोर्सिकातही कुणीतरी सकाळी दुकान उघडत असेल, मुलांना शाळेत सोडत असेल. आम्ही इथे राहतो. आम्हाला खरं व्हायला विमान पकडून कुठे जायची सोय नाही, जे करायचं ते याच गावात, ओळखीच्या डोळ्यांसमोर.

म्हणून या सिनेमातली एक गोष्ट मला पुरेशी पटत नाही. त्यात एक रिक्षावाला आहे. त्याला गायक व्हायचं होतं, घरासाठी रिक्षा धरली, पण चालवताना तो गातो. वेद त्याच्यात स्वतःचं हुकलेलं आयुष्य पाहतो. मला तो माणूस हरलेला वाटत नाही. नोकरी ही त्याची भूमिका आहे, गाणं त्याने गिळलेलं नाही. त्याला आमच्या गावासारखा मांड, म्हणजे गावाने मिळून खेळ करायची जागा, आणि जत्रेची एक रात्र मिळायला हवी होती, एवढंच.

माझी भाची पर्वरीला एका कंपनीत आहे. सिनेमा पाहून तिने मला फोन केला, "मावशी, मी राजीनामा देते. मी खोटी जगतेय." मी विचारलं, खोटं नेमकं कधी वाटतं? ती बराच वेळ गप्प होती. मग हळूहळू बाहेर आलं. कामाचा तिला कंटाळा नाही, उलट आकड्यांत ती रमते. खोटं वाटतं ते जेवणाच्या सुट्टीत, तिच्याच बोलण्याच्या ढबीवर होणाऱ्या विनोदांना हसताना. आणि रोज रात्री आईला "सगळं ठीक" म्हणताना. मुखवटा एवढासाच होता, पण तो अंगाला चिकटला होता.

वेद शेवटी रंगमंचावर दिसतो, तेच लोकांच्या लक्षात राहतं. मला वाटतं, तो मोकळा होतो त्याच्या आधीच, वडिलांसमोर बसून स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा. भाचीला मी तेवढंच सुचवलं. त्या शनिवारी ती घरी गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आये, ठीक नाहीये." माझ्या बहिणीने माशांच्या हुमणाखालचा गॅस बारीक केला, पाट सरकवला आणि म्हणाली, "बस. आता सांग, पहिल्यापासून."