हेडलाइटची पिचकारी आणि कोकणातला लाल चिखल

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागून अर्धा तास गाडी चालवली, की आपल्या गाडीचा रंग कोणता होता हे आरसी बुकात बघून सांगावं लागतं. बॉनेट, दारं, नंबर प्लेट, सगळं जांभ्याच्या रंगाचं. अशा वेळी एखाद्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या बंपरमधून दोन नळ्या फटकन बाहेर येतात, हेडलाइटवर पाण्याचा जोरदार फवारा मारतात आणि पुन्हा आत जाऊन बसतात. बघायला झकास वाटतं. पण त्यानं दिवे खरंच साफ होतात, की नुसतीच हौस?

या पिचकारीचं माहेर स्वीडन. १९७० साली साब कंपनीनं आपल्या ९९ मॉडेलच्या हेडलाइटना चक्क छोटे वायपर बसवले. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळून त्याचा राड होतो आणि दिवसाचे कित्येक तास अंधार असतो. १९७४ पासून स्वीडननं दिवे साफ करण्याची सोय सक्तीची केली. पुढे काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक आलं. ते हलकं आणि फुटायला कठीण, पण त्यावर ओरखडे लगेच पडतात. वाळू अडकलेला वायपर त्यावर फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. म्हणून वायपर गेले आणि दाबानं पाणी मारणारी पिचकारी आली.

ती स्पोर्ट्स कारमध्ये शिरली, ती मात्र वेगामुळे नव्हे, झेनॉन वायू भरलेल्या प्रखर दिव्यांमुळे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये हे दिवे पहिल्यांदा आले. साध्या एच-७ हॅलोजन बल्बचा प्रकाश साधारण १५०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक), तर झेनॉनचा ३२००. एवढा प्रकाश मळक्या काचेतून विखुरला तर समोरच्याचे डोळे दिपणार. म्हणून युरोपातल्या नियमानं सांगितलं, की हेडलाइटच्या डिपरचा प्रकाशस्रोत २००० ल्युमेनच्या वर गेला तर दिवे धुण्याची सोय हवीच. त्यावर कंपन्यांनी काय करावं? बरोबर २००० ल्युमेनचे २५ वॅटचे झेनॉन बल्ब काढले! एलईडी आल्यावर तर मर्यादेच्या आत राहणं आणखी सोपं झालं. नव्या गाड्यांत पिचकारी कमी दिसते, त्यामागे ही पळवाट मोठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्पोर्ट्स कार युरोपातून आलेल्या, त्यामुळे तिकडच्या नियमाची ही सोय आपसूकच आंबोलीच्या घाटापर्यंत पोचली.

आता चिखल प्रकाशाचं नेमकं काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं तो प्रकाश अडवतो. थोडा अडवतोही. जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर, आणि ती निळा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा वाटा मोठा, म्हणून चिखल बसलेला एलईडी दिवा तांबूस, मरगळलेला दिसतो. पण खरी भानगड विखुरण्याची आहे. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कणांचा आकार तरंगलांबीच्या आसपास आला की प्रकाश फार जोमानं विखुरतो. बराचसा पुढेच जातो, पण वाकडा होऊन.

डिपरच्या झोताला वर एक ठळक कड असते. कडेखाली लख्ख उजेड आणि वर जवळजवळ अंधार, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये. वरच्या भागात मुळातच इतका कमी प्रकाश ठेवलेला असतो, की खालच्या उजेडातला शेकडा दोन-तीन भाग जरी विखुरून वर गेला, तरी तिथला प्रकाश कित्येक पटींनी वाढतो. तुमचं नुकसान थोडं आणि समोरच्या एसटीच्या ड्रायव्हरचं भरपूर. शिवाय तुम्हाला कळतही नाही. मळ हळूहळू चढतो, आणि आपला डोळा उजेडातला बदल प्रमाणात मोजतो, त्यामुळे निम्मा प्रकाश गेला तरी 'आज जरा कमीच वाटतंय' यापलीकडे मन जात नाही.

इथे स्पोर्ट्स कारचं बुटकेपण आड येतं. समजा, हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि डिपरचा झोत शंभराला एक या उतारानं खाली वळवलेला आहे. हा झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. एसयूव्हीचा दिवा ९० सेंटिमीटरवर असेल तर तोच हिशेब ९० मीटरचा. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.४ धरला आणि ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी थांबायला साधारण ६० मीटर लागतात. ८० च्या वेगाला ९५ मीटरच्या वर. म्हणजे दिवे स्वच्छ असतानाच बुटकी गाडी साठीला जेमतेम सावरते. तिच्याकडे वाया घालवायला उजेड शिल्लक नाही. त्यात ट्रकच्या चाकांमागचा तुषारांचा लोट सगळ्यात दाट असतो तो जमिनीलगत, नेमका तिच्या दिव्यांच्या उंचीला.

मग पिचकारी हवीच की! थांबा. कोणता मळ, यावर सगळं आहे.

समुद्राकाठी, म्हणजे आरे-वारेला किंवा गुहागरच्या बाजूला, वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि वाळून मिठाचा थर बसतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि कोकणातल्या रात्री तेवढी आर्द्रता नेहमीचीच. तो ओलसर थर धूळ धरून ठेवतो. पण मीठ पाण्यात विरघळत असल्यामुळे इथे पिचकारी मस्त चालते. ट्रकनं नुकत्याच उडवलेल्या ओल्या चिखलाचंही तेच, तो फवाऱ्यानं बराचसा उतरतो.

वाळलेला लाल चिखल मात्र हटवादी. कण पृष्ठभागाला चिकटवणारं बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असतं, तर वाहत्या पाण्याची त्याला ओढण्याची ताकद साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. कण दहापट बारीक झाला की चिकटणं दहापट घटतं, पण पाण्याची ओढ शंभरपट घटते. भरीला भर म्हणजे पृष्ठभागाला अगदी लागून असलेलं पाणी जवळजवळ हलतच नाही, आणि सगळ्यात बारीक कण नेमके त्याच थरात दडून बसतात. म्हणून फवाऱ्यानंतर वाळू जाते आणि तांबूस साय तशीच राहते. धो-धो पावसात चालवूनही दिवे स्वच्छ का होत नाहीत, त्याचंही कारण हेच. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारे वाळवीचे पंखवाले किडे तर विचारूच नका. ते चिरडून वाळले की पिचकारी त्यांना नुसती आंघोळ घालते.

कुडाळला एका गॅरेजमध्ये हा विषय काढला, तर मेस्त्री हातातला पाना खाली न ठेवताच म्हणाले, "पिचकारेन काय होवचा नाय, भाऊ. ओलो फडको मारूक होयो." घर्षणाचं अख्खं प्रकरण दोन वाक्यांत आटोपलं. फडका पृष्ठभागाला टेकतो, त्या न हलणाऱ्या थरात घुसतो, आणि कण कितीही बारीक असला तरी त्याला ढकलतो. युरोपातला नियमसुद्धा पिचकारीकडून चकचकीत दिव्याची अपेक्षा करत नाही, तो स्वच्छ दिव्याच्या ७० टक्के उजेडावर समाधान मानतो.

माझं मत विचाराल तर गाडीला पिचकारी असेल तर ती चालू ठेवावी, कारण ट्रकमागे असताना उतरून फडका मारता येत नाही. नसेल तर मुद्दाम बसवून घेऊ नये. पंप, नळ्या आणि टाकीतलं चार-पाच लिटर पाणी मिळून पाच-सहा किलो वजन होतं, आणि तेही बहुधा गाडीच्या नाकात. वजनासाठी जिवाचं रान करणारे स्पोर्ट्स कारवाले ते फुकट का वाहतील? डिकीत पाण्याची बाटली आणि मऊ मायक्रोफायबर ठेवावं. चहाला थांबलं की आधी पाणी ओतून चिखल भिजू द्यावा, मगच हलक्या हातानं पुसावं. कोरडं पुसलं तर पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक लेप जातो, आणि उन्हानं दिवा पिवळा पडायला लागतो. तो पिवळेपणा फडक्यानंही जात नाही.

टाकीत पाणी भरताना तेवढं बघावं, किनाऱ्याजवळच्या बोअरचं खारं पाणी नको. ते वाळलं की दिव्यावर पांढरे डाग उठतात आणि नोझलची बारीक भोकं बुजतात. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट चालू असताना पुढच्या काचेवर पाणी मारलं की ठरावीक वेळांनी पिचकारीही आपोआप उडते आणि टाकी बघता बघता रिकामी होते. तेव्हा घाट चढण्याआधी ती भरून घ्यावी.