एका गाण्याच्या अनेक तबकड्या : पोस्ट-पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संग्रहाची पार्श्वभूमी

पोस्ट-पंक (१९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक रॉकनंतर आलेले संगीत) आणि आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा संग्राहक एकाच गाण्याच्या चार-पाच तबकड्या कशासाठी बाळगतो, असा प्रश्न बेळगावात त्याच्या घरच्यांना पडला तरी नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या जाणत्यांना तो पडू नये. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हाताळणाऱ्याला हे ठाऊक असते की, एकच पद एकाच गायकाकडून एकाहून अधिक वेळा मुद्रित झालेले असू शकते, लेबलावरील मजकूर तोच राहू शकतो आणि खरी ओळख पटते ती लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर उमटवलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावरून, म्हणजे त्या मुद्रणाच्या साच्याच्या क्रमांकावरून. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या तालुक्यात आहे, तेथे असे जाणते श्रोते असणे स्वाभाविकच आहे.

तथापि, या दोन छंदांत एक मूलभूत भेद आहे. ७८ फेऱ्यांच्या काळात दुसरे मुद्रण म्हणजे दुसऱ्यांदा केलेले गायन असे. पोस्ट-पंकच्या काळात मात्र बहुतेक वेळा गायन-वादन तेच राहिले आणि बदलले ते मिक्स, म्हणजे नोंदवलेल्या आवाजांची जुळणी. प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर नोंदवणारी टेप १९६० च्या दशकात रुळली, तेव्हापासून गाण्याचे अंतिम रूप गायकाच्या गळ्यात ठरेनासे झाले आणि ते मिक्सिंग डेस्कवर ठरू लागले. या बदलाचे सगळे परिणाम सर्वप्रथम ओळखले ते जमैकातील ध्वनितंत्रज्ञांनी. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तबकडीच्या मागील बाजूस त्याच गाण्याचे आवाज काढून टाकलेले रूप देण्याची पद्धत पडली. पुढे किंग टबी यांनी किंग्स्टनमधील आपल्या छोट्या स्टुडिओत त्या उरलेल्या बेस आणि ड्रमवर प्रतिध्वनीचे असे संस्कार केले की डब हा स्वतंत्र प्रकारच उभा राहिला. हे संगीत स्थलांतरितांबरोबर लंडन, ब्रिस्टल आणि मँचेस्टरला पोहोचले आणि पंकच्या नंतर आलेल्या तरुणांनी ते अतिशय लक्षपूर्वक ऐकले.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा आहे. नृत्यगृहांसाठी गाणी लांबवणारे टॉम मोल्टन १९७४ च्या सुमारास चाचणीची तबकडी कापून घेण्यास गेले असता सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या होत्या, म्हणून तंत्रज्ञाने दहा इंची तबकडी वापरली. मोठ्या पृष्ठभागावर खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि त्यामुळे आवाजाची पातळी व बेस दोन्ही वाढवता आले. यातूनच बारा इंची सिंगलची कल्पना रुजली आणि १९७६ साली सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचे ‘टेन पर्सेंट’ या आकारात बाजारात आणले. त्याचे लांबवलेले रूप वॉल्टर गिबन्स यांनी तयार केले होते. अधिक अंतरावर कापलेली खाच अधिक जोरकस ध्वनी वाहू शकते, ही साधी भौतिक गोष्ट पुढच्या सगळ्या संग्राहकांच्या वेडाच्या मुळाशी आहे.

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचे पहिले प्रकाशन याचा उत्तम दाखला आहे. ‘अॅन आयडियल फॉर लिव्हिंग’ ही चार गाण्यांची सात इंची तबकडी त्यांनी जून १९७८ मध्ये स्वखर्चाने काढली. प्रती होत्या १,०००. चार गाणी त्या लहान आकारात कोंबल्यामुळे ध्वनी इतका क्षीण उतरला की त्याच वर्षी तीच गाणी बारा इंची आकारात, १,२०० प्रतींत, पुन्हा काढावी लागली. पहिली प्रत दुर्मीळतेसाठी हवी असते आणि दुसरी ऐकण्यासाठी. पहिलीला अधिक किंमत येते, हा बाजाराचा न्याय झाला, कानाचा नव्हे. याच गटाने ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ जानेवारी १९८० मध्ये ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत आणि मार्चमध्ये पुन्हा नव्याने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत मुद्रित केले. निर्माते मार्टिन हॅनेट यांना पहिल्यात समाधान नव्हते, पण दोन्ही रूपे त्याच सिंगलच्या दोन बाजूंना आली. त्याच मार्चमध्ये फ्रान्सच्या सॉर्दीद सांतिमांताल या छोट्या संस्थेने त्यांची ‘अॅटमॉस्फिअर’ आणि ‘डेड सोल्स’ ही गाणी असलेली तबकडी अवघ्या १,५७८ प्रतींत काढली होती. आज ही तबकडी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक वस्तू नकली असतात, हे येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे.

दुर्मीळतेचे मूळ मात्र नेहमीच कमी प्रतींत नसते. पब्लिक इमेज लिमिटेड या गटाचा १९७९ मधील ‘मेटल बॉक्स’ हा अल्बम ४५ फेऱ्यांच्या तीन बारा इंची तबकड्यांत, चित्रपटाच्या रिळासारख्या पत्र्याच्या गोल डब्यात घालून आला. प्रती पुष्कळ निघाल्या, परंतु डबा गंजतो, पोचे पडतात आणि आतील तबकड्या चरे न पाडता बाहेर काढणे दुरापास्त असते. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात तो डबा कसा राखायचा, हा येथील संग्राहकाचा स्वतंत्र विषय आहे. अल्बम तीन तबकड्यांवर पसरवण्यामागचे कारण पुन्हा बेस हेच होते; पुढच्याच वर्षी तो दोन साध्या एलपींवर आला तेव्हा त्याचा दणका उणावला.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये आल्यावर आवृत्त्यांची संख्या झपाट्याने वाढली, कारण यंत्रावर बांधलेली लय लांबवणे आणि तोडणे तुलनेने सोपे होते. शेफील्डच्या ह्यूमन लीगचे ‘बीइंग बॉइल्ड’ १९७८ साली एडिनबरोच्या फास्ट प्रॉडक्टने काढले, १९८० साली गटाने ते नव्याने मुद्रित केले आणि १९८२ साली ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेले ते पुन्हा पहिले, घरगुती यंत्रावरचे रूपच. न्यू ऑर्डर या गटाचे ‘ब्लू मंडे’ मार्च १९८३ मध्ये केवळ बारा इंची आकारात आले; पीटर सॅव्हिल यांनी फ्लॉपी डिस्कसारखी भोके कापून केलेले त्याचे वेष्टन हा संग्राहकांचा कायमचा विषय आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९८७ ची आहे. त्या वर्षी आलेल्या ‘सब्स्टन्स’ या संकलनात ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्यूजन’ ही गाणी मूळ रूपात न देता नव्याने मुद्रित करून दिली गेली आणि सीडीच्या कालमर्यादेत बसवण्यासाठी ‘द परफेक्ट किस’ची लांबी घटवली गेली. ज्यांनी हे संगीत सीडीवरच ऐकले, त्यांना आपण ऐकतो ते मूळ नव्हे याची कल्पनाही नव्हती. मूळ ऐकायचे तर १९८२, १९८३ आणि १९८५ च्या बारा इंची तबकड्या शोधणे भाग होते. वेगवेगळ्या आवृत्त्या जमवणे ही निव्वळ हौस मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे ठरावे.

अर्थात, सगळ्याच आवृत्त्या गरजेतून जन्मल्या असे नाही. झेडटीटी कंपनीने फ्रँकी गोज टू हॉलिवूडच्या ‘रिलॅक्स’ची निरनिराळी रूपे एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली बारा इंची तबकड्यांवर विकली. त्यांतील एक सोळा मिनिटांहून मोठे होते आणि कोणते रूप हाती आले हे कड्यावरील मॅट्रिक्स क्रमांक वाचल्याशिवाय कळत नसे. एकाच चाहत्याने तेच गाणे पुन्हा पुन्हा विकत घ्यावे आणि यादीतील क्रम टिकावा, हा त्यामागील व्यापारी हिशेब उघड होता. याउलट, डेपेश मोडच्या १९८४ मधील मर्यादित बारा इंची तबकड्यांवर एड्रियन शेरवूड यांनी केलेले मिक्स मला खऱ्या अर्थाने वेगळी निर्मिती वाटतात. त्यांत किंग्स्टनची डब पद्धत सिंथेसायझरच्या संगीताला थेट येऊन भिडते आणि परिचित गाण्याचा सांगाडा उघडा पडतो.

सीमाभागात हे संगीत तबकडीच्या रूपाने क्वचितच आले. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या लघुलहरींवर ब्रिटिश निवेदक जॉन पील यांचा कार्यक्रम ऐकू येई, आणि गोव्यातील व बेळगावच्या कॅम्प भागातील कुटुंबांचे आखातात किंवा जहाजांवर नोकरीस असलेले नातलग कॅसेटी आणत. १९८० च्या दशकात गावोगावी कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणारी रेकॉर्डिंगची दुकाने होती, आणि तेथून मिळालेल्या कॅसेटवर गाण्याचे नाव असले तरी ते कोणते मिक्स आहे हे कधीच नसे. त्यामुळे येथील श्रोत्याची ओळख आधी बेनाम मिक्सशी झाली आणि तबकडी, क्रमांक, वर्ष हा तपशील पुष्कळ नंतर आला. संग्रहाची सुरुवात वस्तू मिळवण्यापासून न होता ऐकलेले ओळखण्यापासून होणे, हे या भागाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

घाट उतरल्यावर लागणाऱ्या गोव्यात या संगीताचे आणखी एक प्रकरण घडले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हणजूणच्या किनाऱ्यावरील रात्रींत परदेशी डीजे बेल्जियमचा फ्रंट २४२ किंवा शेफील्डचा कॅबरे व्होल्तेर अशा गटांचे संगीत वाजवत. ऊन, वाळू आणि दमटपणा यांमुळे तेथे तबकड्या चालवणे अव्यवहार्य होते, म्हणून ते कॅसेटवर आणि पुढे डॅटवर (डिजिटल ध्वनिफितीवर) अवलंबून राहिले. बारा इंची तबकडीवरील वाद्यरूपाचे आणि डब मिक्सचे तुकडे जोडून, गायन वगळून, त्यांनी केवळ त्या किनाऱ्यासाठी लांबलचक रूपे तयार केली. गोवा ट्रान्स या नृत्यसंगीताचा पाया यातूनच घातला गेला.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध दुर्मीळ तबकडी मात्र नृत्यगृहासाठी झालेली नाही. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची टीआर-८०८ (ताल), टीबी-३०३ (बेस) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रे वापरून भैरव, तोडी, मधुवंती, कलावती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ते प्रकाशित केले. तबकडी चालली नाही आणि विस्मरणात गेली. २०१० साली तिचे पुनर्मुद्रण झाले, तेव्हा १९८७ च्या शिकागोतील अॅसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून पाश्चात्त्य समीक्षक थक्क झाले. राग जाणणाऱ्याला ती वेगळी ऐकू येते : टीबी-३०३ वर स्वर सरकवण्याची सोय असल्याने मींडेचा आभास होतो, पण लयीचा चौकोन रागाला उसंत देत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने बसवलेल्या मूग सिंथेसायझरवरील काम तर कित्येक दशके टेपवरच पडून होते. त्यातील निवडक भाग २०२३ साली बाहेर आला.

आवृत्त्यांचा हा गुंता सुटू लागला तो २००० साली. त्या वर्षी अमेरिकेत केव्हिन लेवांडोव्स्की यांनी सुरू केलेली डिस्कॉग्स ही सूची आरंभी केवळ इलेक्ट्रॉनिक संगीतापुरती होती, हा योगायोग नव्हे. सूचीची सर्वाधिक निकड याच संगीताला होती. कड्यावरील अक्षरे, स्टुडिओचे नाव आणि गाण्याची लांबी सेकंदापर्यंत नोंदवण्याची शिस्त तिने घालून दिली, आणि निपाणीत किंवा चिकोडीत बसलेल्या माणसालाही आपली जुनी कॅसेट कोणत्या तबकडीवरून भरली गेली होती हे गाण्याच्या लांबीवरून ताडता येऊ लागले. परदेशातून तबकडी मागवताना मात्र टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या पुढे जाऊ शकतात, त्यामुळे येथे खरेदीआधी तपासणी अधिक कसोशीने होते.

या सूचीच्या कक्षेत न बसणारा भाग राहतो तो हणजूणच्या किनाऱ्यावरील मिक्सचा. ती रूपे कोणत्याही कंपनीने काढली नाहीत, त्यामुळे त्यांना कॅटलॉग क्रमांक नाही आणि कड्यावर कोरलेली अक्षरेही नाहीत. डॅटची फीत दमट हवेत बुरशी धरते आणि सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५ साली थांबवल्यामुळे ती वाजवू शकणारी, दुरुस्त स्थितीतील यंत्रे कमी होत चालली आहेत. ज्यांच्याकडे अशा फिती आहेत, त्यांनी त्यांची संगणकीय नक्कल करताना मूळ कोणत्या बारा इंची तबकड्यांचे तुकडे जोडलेले आहेत याची नोंद सोबत ठेवणे, हे काम आता सर्वांत निकडीचे आहे.