फिल्थ हा शब्द आला कुठून?

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकेत कुणाचीबी इंग्रजी शब्दांची वही उघडून बघा, डस्ट, डर्ट, फिल्थ, सगळ्यांपुढं एकच अर्थ लिहिलेला असतो, घाण, आणि पोरं तसंच पाठ करतात. पण या शब्दांची घराणी वेगळी आहेत, आणि ती कळली की कुठं कोणता वापरायचा हे पाठ करावं लागत नाही.

फिल्थ लई जुना, हजार वर्षांमागच्या इंग्रजीतला. फाऊल म्हणजे सडका, नासका, त्यालाच शेवटी थ लागून फिल्थ झाला, जसं डीपचं डेप्थ होतं. आणि या फाऊलचं मूळ तेच आहे जे संस्कृतातल्या पूयचं, जखमेत होतो तो आपला पू त्यातूनच आलाय! म्हणून फिल्थ म्हणलं की सडणं आणि वास मारणं आलंच. आपली घाणसुद्धा घ्राण म्हणजे वास यावरूनच आली, त्यामुळं फिल्थला घाण अगदी बरोबर बसते, डर्टला नाही.

डर्ट आला जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या ड्रिटवरून, अर्थ विष्ठा, पुढं अक्षरं उलटसुलट झाली आणि अर्थही निवळत धूळ-चिखलावर आला, अमेरिकेत तर साध्या मातीलाही डर्ट म्हणतात, कच्चा रस्ता म्हणजे डर्ट रोड.

पावसात काळ्या रानातून आलं की चपलेला बोटभर चिखल चिकटतो, पाय उचलत नाही, तो मड म्हणा, डर्ट म्हणा, पण रानातून आलेल्या माणसाला फिल्थी म्हणणं म्हणजे सरळ अपमान आहे, हे पोरांना शिकवलंच पाहिजे. उकंड्यावर कुजलेलं शेण शेतकऱ्याला खत असतंय, मॅन्युअर. तुंबलेली नाली, तिच्यावरचा काळा फेस, ही फिल्थ. 2018 ला औरंगाबादेत, शहराचा कचरा जिथं टाकायचे त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरात कचराकोंडी झाली, रस्त्याकडंला ढीग लागले, तेव्हा सुका कागद-प्लास्टिक गार्बेजच होतं, पण ओला कचरा सडून काळं पाणी गळायला लागलं की ती फिल्थ.

मनाच्या घाणीलाही हाच शब्द चालतो. विल्यम टिंडेलनं 1526 च्या बायबलच्या भाषांतरात फिल्थी लूकर लिहिलं, म्हणजे हावरेपणाचा पैसा, ते आजही वापरात आहे. अश्लील मजकूर, घाणेरडी शिवीगाळ यालाही फिल्थ म्हणतात, आणि ब्रिटनमधे पोलिसांना हिणवायला द फिल्थ. फिल्थी रिच मधे मात्र घाण काहीच नाही, नुसता बेसुमार श्रीमंत. आणि परीक्षेत हमखास चुकतं ते हे, फिल्थचं अनेकवचन करत नाहीत.