खुर्ची उलटी करून पाहा

जुनी युरोपीय लाकडी खुर्ची घ्यायची असेल, तर आधी ती उलटी करावी. पॉलिश, नक्षी, पाठीची ऐट हे सगळं वरून दिसतं, आणि वरची बाजू चकचकीत करणं कुणालाही जमतं. खालच्या बाजूला कुणी हात लावलेला नसतो. शंभर-दीडशे वर्षांच्या हवेनं लाकडाचं काय केलं ते तिथे उघडं पडलेलं असतं. शैलींची नावं पाठ असलेला ग्राहकही फसू शकतो. दमट हवेत लाकूड कसं वागतं हे ज्याला कळतं, त्याला फसवणं अवघड.

झाड कापलं, फळ्या रंधून पॉलिश केल्या, तरी लाकडाचं हवेशी देणंघेणं थांबत नाही. पेशींच्या भिंती हवेतली वाफ शोषतात आणि सोडतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं; ८५ टक्के आर्द्रतेत हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जातं. पाणी आलं की लाकूड फुगतं, गेलं की आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेनं सर्वांत जास्त पडतो, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं त्याच्या साधारण निम्मा. युरोपात खुर्च्यांसाठी अमाप वापरलेलं बीच लाकूड घ्या. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वलयांच्या दिशेनं जवळपास १२ टक्के आकसतं, दुसऱ्या दिशेनं सहाच्याही आत.

या असमानतेतून एक सुंदर परीक्षा हाती येते. ओल्या लाकडाचा पाय कातून गोल केला असेल, तर सुकल्यावर तो गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होतो. चार सेंटिमीटर जाडीच्या पायात हा फरक एक-दीड मिलिमीटरपर्यंत भरतो. डोळ्याला तो दिसत नाही, व्हर्नियर कॅलिपरला दिसतो. पाय एका दिशेनं मोजा, मग काटकोनात फिरवून मोजा. दोनशे वर्षं जुना म्हणून विकला जाणारा पाय सगळीकडून तंतोतंत गोल निघाला, तर विक्रेत्याला आणखी प्रश्न विचारायला हवेत. उलट बाजूनं मात्र ही परीक्षा लावू नये. ओल्या लाकडावर काम करणारे कारागीर आजही आहेत, त्यामुळे नुसत्या अंडाकृती पायावरून वय सिद्ध होत नाही.

याच गुणधर्माचा उपयोग करून उभी राहिलेली खुर्ची म्हणजे इंग्लंडची विंडसर. अठराव्या शतकात ती रूढ झाली आणि एकोणिसाव्या शतकात बकिंगहॅमशायरमधलं हाय विकम हे गाव तिचं माहेर बनलं. आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं होती. तिथेच राहुटी टाकून कारागीर ताजी खोडं पाचरीनं फाडत आणि लवचिक खांबाच्या ताणावर चालणाऱ्या, पायानं फिरवायच्या लेथवर पाय कातत. करवतीनं कापण्याऐवजी फाडण्यात शहाणपण होतं. करवत तंतू वाटेत तोडते, पाचर मात्र तंतूंच्या वाटेनंच जाते, म्हणून बारीक पायसुद्धा वजन पेलतो. बैठक एल्मची, कारण एल्मचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात आणि कडेजवळ भोकं पाडली तरी फळी उकलत नाही. पाठीची कमान ॲश किंवा यू या लवचिक लाकडांची. एका खुर्चीत तीन झाडं, प्रत्येक आपापल्या स्वभावानुसार कामाला लावलेलं! सुकवलेला पाय किंचित ओलसर बैठकीत ठोकला की बैठक सुकताना त्याला आवळते आणि पाय ओल शोषून फुगतो. कारखान्यांच्या गर्दीआधीचं हे ज्ञान मला आजही थक्क करतं.

तरीही सांधे सैल होतातच. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दमट दिवसांत पायाचं टोक फुगू पाहतं, पण भोकात जागा नसते. मग दाबाखाली त्याच्या पेशी कायमच्या चेपतात. हवा कोरडी झाली की ते टोक पूर्वीपेक्षाही बारीक होतं. असे ऋतू मागून ऋतू गेले की खुर्ची डुगडुगू लागते. बसणाऱ्याच्या वजनाचं फक्त निमित्त होतं.

या दुखण्यावर सर्वांत हुशार उत्तर शोधलं मायकेल थोनेट यांनी. १७९६ साली ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावी जन्मलेला हा सुतार १८४२ मध्ये ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या आमंत्रणावरून व्हिएन्नाला गेला. सुरुवातीला तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून वाकवत असे. पण सरस म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद, आणि ओल व ऊब मिळाली की तो सुटतो. खुर्च्या दमट मुलखांत पाठवायच्या तर अखंड लाकूडच वाकवायला हवं होतं.

तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. तीन सेंटिमीटर जाडीची काठी वीस सेंटिमीटर त्रिज्येत वळवली, तर बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा सुमारे १५ टक्के लांब व्हावी लागते. लाकूड ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच फाटतं. वाफेनं उपाय अर्धाच होतो. गरम वाफेत पेशींना जोडून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं आणि बीचसारखं लाकूड लांबीच्या दिशेनं पाव हिश्श्यापर्यंत दाबलं जाऊ शकतं. ताण सोसायची ताकद मात्र वाढत नाही. थोनेटनं काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावली आणि ती दोन्ही टोकांना घट्ट अडकवली. पट्टी लांब होत नाही, म्हणून बाहेरची बाजूही ताणली जात नाही. सगळा बदल आतल्या बाजूच्या दबण्यावर ढकलला जातो, आणि दबणं तर मऊ लाकडाला जमतं. वाकवलेली काठी साच्यातच सुकवली की तो आकार कायम राहतो. १८५६ मध्ये अखंड लाकूड वाकवण्याचा हक्क त्याला मिळाला, आणि बीचच्या रानांजवळ मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानी इथे कारखाना उभा राहिला.

१८५९ ची त्याची १४ क्रमांकाची खुर्ची पाहिलेली नाही असा माणूस विरळा. नाव फक्त माहीत नसतं. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच अखंड काठी; म्हणजे इतर खुर्च्यांत जिथे सर्वाधिक जोर येतो, तिथे इथे सांधाच नाही. उरलेले सांधे स्क्रूचे. सैल झाले तर आवळायचे.

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि जेकब अँड जोसेफ कोन यांच्यासारख्या कंपन्या मैदानात उतरल्या, म्हणून प्रत्येक वाकवलेली खुर्ची थोनेटची नसते. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा डागून उठवलेलं नाव शोधावं. लेबलवर चेकोस्लोव्हाकिया असेल तर खुर्ची १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. विक्रेता तिला १८८० ची म्हणत असेल, तर इतिहास तुमच्या बाजूनं साक्ष देईल. लेबल नसेल तर वळणावरचे तंतू पाहा. खऱ्या वाकवलेल्या काठीत ते वळणाबरोबर वळतात. फळीतून करवतीनं कमान कापली असेल तर ते सरळ धावत कडेला तुटलेले दिसतात, आणि अशी कमान तिथेच मोडते. बीच ओळखायला रंग उपयोगाचा नाही, कारण ते बहुधा गडद रंगवलेलं असतं. घासल्या गेलेल्या जागी त्याचे आखूड, तपकिरी, बारीक ठिपके दिसतात.

किडीची भोकं पाहून घाबरू नये, ती वाचावीत. युरोपीय फर्निचरमधला भुंगेरा बाहेर पडताना दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडतो. त्याची अळी आत कित्येक वर्षं बोगदे करत असते. भोकाशी ताजा फिकट भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. अशी खुर्ची इतर फर्निचरजवळ आणूच नये. पृष्ठभागावर गोल भोकांऐवजी उघडे, लांबट चर दिसले, तर लाकूड किडल्यानंतर कापलेलं आहे. अळी उघड्यावर बोगदा खणत नाही, म्हणजे जुन्या फळीची नवी खुर्ची केलेली असू शकते. स्क्रूही बोलतात. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पसरले. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला किंवा नंतरचा. पण दुरुस्तीत तो बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नये.

पॉलिशमध्ये तर आपला थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपभर ज्या लाखेच्या पॉलिशनं फर्निचर झळाळलं, ती लाख भारतातल्या झाडांवरच्या कीटकांची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. न दिसणाऱ्या जागी कापसानं स्पिरिटचा थेंब लावा. थर चिकट झाला तर लाख असण्याची शक्यता मोठी; ढिम्म राहिला तर बहुधा आधुनिक रसायन. अतिनील टॉर्चखाली जुनी लाख नारिंगी चमकते. बैठकीचा वेतही आग्नेय आशियातून समुद्रमार्गे तिकडे गेलेला आहे.

आता ही खुर्ची आपल्या घरात आली की तिची खरी कसोटी सुरू होते. पावसाळ्यातली कोकणपट्टीची हवा आणि शेजारच्या खोलीतला एसी यांत सांध्यांची तीच चेपाचेप दररोज होऊ शकते. एसीच्या झोताखाली, खिडकीच्या उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ती ठेवू नये. आर्द्रता थोडी जास्त की कमी, यापेक्षा ती स्थिर असणं महत्त्वाचं; साधा आर्द्रतामापक खोलीत टांगला की अंदाज येतो. डुगडुगणाऱ्या सांध्यात खिळा ठोकू देऊ नका. खिळा तंतू फाडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगलं की भेग वाढते. एपॉक्सी हा कृत्रिम गोंदही नको, कारण तो पुन्हा सुटत नाही. सुताराला सरसच वापरायला सांगा. पन्नास वर्षांनी सांधा परत ढिला झाला, तर पुढचा सुतार तो ऊब आणि ओल देऊन, लाकडाला इजा न करता उघडू शकेल.