पीएफ कापला म्हणजे पैसे बुडाले?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत नव्यानं लागणाऱ्या पोरांना हमखास सांगितलं जातं: "पीएफ नको म्हण, रोख घे. नोकरी सोडलीस की ते पैसे गेले." हे साफ चुकीचं आहे, आणि यात नुकसान पोरांचंच होतं.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत. त्यातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. तेवढेच मालकालाही भरावे लागतात: सुमारे १,२५० पेन्शन योजनेत, ५५० तुमच्या पीएफ खात्यात. रोख मागणारा कापलेले १,८०० वाचवतो आणि मालकाचे १,८०० सोडून देतो! शिवाय कामावर असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. त्याचा हप्ताही मालकच भरतो.

नोकरी बदलली तरी बारा अंकी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. नव्या कंपनीत तोच नंबर द्या, जुनी रक्कम नव्या खात्यात वळवून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, म्हणून मध्येच सगळं काढून टाकू नका.

पगार झाला की सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात भरणा नाही, तर लगेच विचारा.