गुटखाबंदी म्हणजे तंबाखूबंदी नव्हे

'राज्यात बंदी आहे ना? मग टपरीवर तंबाखूची पुडी राजरोस कशी लटकते?' हा प्रश्न अनेकांना पडतो. बंदी आहे ती गुटख्यावर. साध्या तंबाखूवर नाही, कारण दोघांचे कायदे निराळे.

तंबाखूला २००३ चा 'कोटपा' कायदा लागू आहे. त्यात जाहिरातीला मनाई, १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही, पाकिटावर इशाऱ्याचं चित्र सक्तीचं. विक्री मात्र चालूच.

गुटखा खाद्यपदार्थ धरला गेला, म्हणून तो अडकला अन्नाच्या कायद्यात. महाराष्ट्राने २००२ मध्ये भेसळविरोधी कायद्याखाली बंदी घातली होती, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: हा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. वाट मोकळी झाली ती अनपेक्षित बाजूने. राजस्थानातली 'इंडियन अस्थमा केअर सोसायटी' गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांविरुद्ध कोर्टात लढत होती. त्याच खटल्यात डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लास्टिक पुड्यांना चाप लावला आणि केंद्राला गुटख्याच्या दुष्परिणामांचा अभ्यास करायला सांगितलं. ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राचा नियम आला: कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालणार नाही. आता राज्यांच्या हाती हत्यार होतं, ते उचलायला लावणं बाकी होतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आणि तोंडाच्या कर्करोगातून वाचलेल्या रुग्णांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' या मोहिमेतून तो रेटा लावला. मला या लढ्यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. जबडा गमावलेला माणूस समोर बसला की आकडेवारी वेगळी सांगावी लागत नाही. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने जुलैमध्ये.

आणखी एक फरक. कोटपा कायम आहे. गुटखाबंदी हा अन्नसुरक्षा आयुक्तांचा आदेश, एका वेळी फार तर वर्षभराचा. म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

कंपन्यांनीही हा फरक ओळखला. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत. गिऱ्हाइकाने तळहातावर दोन्ही मिसळायचं. म्हणून महाराष्ट्राने २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आणली.

सुपारी हा खरा दुर्लक्षित भाग. तंबाखू नसली तरी ती कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा दोरीसारखी ताठ होत जाते आणि तोंड पूर्ण उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहा. सहसा सहज बसतात. ज्याची वर्षानुवर्षं सुपारी चालू आहे त्याची बसत नसतील, झणझणीत भाजीने तोंडाची आग होत असेल, तर त्याने याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावं.